आर्लिसबाई म्हणाल्या, ‘वेगळाच आहे’

मी एक जुना लॅपटॉप आहे. काळा, जाड, आणि मांडीवर घेतला तर मांडीला रग लागेल असा. माझ्या झाकणाच्या एका कोपऱ्याचा रंग उडाला आहे आणि एका बटणावरचे अक्षर घासून घासून पार पुसले गेले आहे. मित्रांनो, हसू नका. ज्या बोटांनी ते अक्षर पुसले, त्या बोटांचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून माझ्या भावंडांबरोबर मी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात एका विम्याच्या कचेरीत आलो. तिथे मी मन लावून काम केले. पण पुढे कचेरीने नवे, पातळ लॅपटॉप घेतले आणि आम्हांला भिंतीशी रचून ठेवले. ज्याला हवा त्याने घरी न्यावा असे साहेबांनी सांगितले, तेव्हा बहुतेकांनी आमच्याकडे वळूनही पाहिले नाही. लोवेल नावाच्या एका तरुणाने मात्र मला उचलले, अंगावरची धूळ पुसली आणि उत्तरेकडच्या तोर्विक गावी आपल्या आईला नेऊन दिले.

त्याची आई म्हणजे आर्लिसबाई. स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या टेबलावर त्यांनी मला जागा दिली. खिडकीतून तळे दिसे, आणि ते निम्मे वर्ष गोठलेले असे. तालुक्याच्या साप्ताहिकात त्या ‘तोर्विकची खबरबात’ लिहीत. रविवारी कोण कोणाकडे कॉफीला गेले, कोणाची मुलगी सुट्टीला घरी आली, बर्फाला भोक पाडून कोणी केवढा मासा धरला, कोणाचा कुत्रा हरवला आणि कोणाच्या कोठीत सापडला, अशा त्या बातम्या. जगाला त्यांचे काय पडले असणार? पण गावात त्या कातरून फ्रीजवर लावल्या जात, आणि म्हातारी माणसे ते साप्ताहिक शेवटच्या पानाकडून वाचायला घेत.

मला बाईंचे फार कौतुक वाटे. एवढी वर्षे लिहिले, पण कोणाचे मन दुखावेल असा शब्द त्यांच्या हातून उतरला नाही. एकदा हॉगनेस नावाच्या गृहस्थांनी थंडी सरता सरता तळ्यावर गाडी नेली आणि बर्फ फुटून ती बुडाली. गाव पोट धरून हसत होते. बाईंनी लिहिले, ‘श्री. हॉगनेस नवी गाडी पाहत आहेत. जुनी तळ्यावर असते.’

बाईंची बोटे सांधेदुखीने सुजलेली असत. कणीक तिंबावी तसे प्रत्येक बटण त्या जोर लावून दाबत. माझी बटणे खोल जातात आणि टक् करून वर येतात, त्यामुळे अक्षर उमटले हे त्यांच्या बोटाला न बघता कळे. मला जागे व्हायला वेळ लागे. त्या मला उघडत, कॉफी चुलीवर ठेवत, आणि कॉफी होईपर्यंत मी तयार असे. गावातली नॉर्वेहून आलेली लांबलचक आडनावे मला सुरुवातीला चुकीची वाटत आणि मी त्यांच्याखाली लाल रेघ ओढी. त्यावर त्या शांतपणे म्हणत, “नाही रे, हे असंच असतं,” आणि तो शब्द मला शिकवत. असे करता करता सगळे गाव मला नावानिशी पाठ झाले.

या गावाची बोलण्याची रीत मात्र तुम्हांला सांगायला हवी, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. तोर्विकमध्ये ‘मला हवे’ असे कोणी म्हणत नाही. कॉफी विचारली की पाहुणा म्हणतो, नको, तुम्हांला कशाला त्रास. पुन्हा विचारले की म्हणतो, नको, आता निघतोच आहे. तिसऱ्यांदा विचारले की म्हणतो, बरं, एवढा आग्रह असेल तर अर्धाच कप. तिसऱ्यांदा नाही म्हणणे हा उद्धटपणा. एखादी गोष्ट फार आवडली, तर तिला म्हणायचे ‘काही वाईट नाही’. बाईंचे यजमान ऑर्डेलराव लग्नापासून त्यांच्या हातच्या केकला एवढेच म्हणत आले आणि बाई त्यावर दिवसभर खूश असत. आणि एखादी गोष्ट मुळीच आवडली नाही, तर म्हणायचे, ‘हे वेगळंच आहे.’

लोवेलने लग्न केले ते टेक्सासच्या मुलीशी. डेलिया तिचे नाव. मोठ्याने हसणारी, जे मनात तेच ओठांवर असणारी पोर. पहिल्याच नाताळाला तिने आपल्या माहेरचा मिरच्यांचा तिखट रस्सा केला. आर्लिसबाईंनी एक घास घेतला, डोळ्यांतले पाणी रुमालाने टिपले आणि म्हणाल्या, “हा वेगळाच आहे हो.” डेलिया हरखून गेली. तेव्हापासून दर नाताळाला ती मोठे पातेले भरून तोच रस्सा करू लागली, आणि सारे घर पाण्याचे पेले रिकामे करत तो निमूटपणे खाऊ लागले.

मी म्हातारा होत चाललो होतो, हे खरे. पंखा घरघरत असे. बॅटरी तर केव्हाच संपली होती, वायर काढली की मी तिथेच डोळे मिटी. डेलियाच्या हे लक्षात आले आणि तिला सासूबाईंची दया आली. नाताळाला तिने त्यांच्यासमोर एक चपटे खोके ठेवले. आत नवा कोरा लॅपटॉप होता, रुपेरी रंगाचा. मित्रांनो, खरे बोलायचे तर मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. झाकण अर्धे उघडते न उघडते तोच तो जागा झाला. आवाज नाही, ऊब नाही. त्याच्या पडद्यावर लेकीकडच्या, दूर राहणाऱ्या नातीचा चेहरा इतका स्वच्छ दिसला की तिचे पडलेले दात मोजावेत. कानामागून आला आणि तिखट झाला असे म्हणण्याइतकाही राग मला येईना.

बाईंनी त्याच्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, “वेगळाच आहे.”

“आवडला!” डेलियाने टाळी वाजवली. ऑर्डेलरावांनी कॉफीच्या कपात डोके घातले. लोवेल उठला आणि बर्फ काढायला बाहेर गेला. बर्फ सकाळीच काढून झाला होता.

मग डेलिया म्हणाली की जुना ती घेऊन जाईल, तालुक्याला निकामी यंत्रे गोळा करतात, तिथे देईल. बाई म्हणाल्या, तुला कशाला उगाच त्रास? डेलिया म्हणाली, त्रास कसला, गाडी जातेच आहे. बाई म्हणाल्या, रस्ते किती निसरडे आहेत. डेलिया हसून म्हणाली, “मॉम, खरंच नेते मी.” हे झाले तिसऱ्यांदा. बाईंनी माझ्याकडे पाहिले, तोंड उघडले, मिटले, आणि म्हणाल्या, “बरं, तुझा एवढा आग्रहच असेल तर.”

जुनी यंत्रे घेणारे केंद्र सुट्ट्या संपल्यावर उघडणार होते. तोवर मला एका खोक्यात घालून दारामागच्या पडवीत, बुटांच्या मांडणीवर ठेवले गेले. तिथे कडाक्याची थंडी होती, पण स्वयंपाकघरातले सारे ऐकू येई.

मी ऐकत राहिलो. नव्याची बटणे पातळ, जेमतेम दबणारी. बाईंची बोटे जोर लावत, आणि एकाच्या जागी तीन तीन अक्षरे उमटत. त्या पुसत, पुन्हा लिहीत, थांबत. त्यात त्या बिचाऱ्याला गावाची नावे माहीत नव्हती. तो लाल रेघ ओढून विचारत बसत नसे, आपल्या मनाने शब्द बदलून टाकी. बदललेला शब्द बारीक अक्षरात बाईंच्या नजरेतून सुटे. दोष त्याचा नव्हता. नव्या माणसाला गाव शिकवावे लागते, आणि शिकवायला बाईंच्या बोटांत आता तेवढा जीव नव्हता.

एका आठवड्यात बाईंनी लिहिले की श्रीमती टोलेफ्सरूड यांनी पाहुण्यांना लेफ्से दिले. लेफ्से म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. ती लाटता येणे हा तोर्विकमधल्या बाईचा मान. नव्याला हा शब्द ठाऊक नव्हता. त्याला वाटले, ‘लेफ्टओव्हर’ म्हणायचे असेल. आणि साप्ताहिकात छापून आले की श्रीमती टोलेफ्सरूड यांनी पाहुण्यांना उरलेसुरले शिळे वाढले.

श्रीमती टोलेफ्सरूड स्वतः आल्या. पडवीत बूट काढताना त्यांच्या हातात ताज्या लेफ्सेचे ताट होते. त्यांनी भांडण केले नाही. ताट टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “या वेळची खबरबात वाचली, आर्लिस. जरा वेगळीच होती.”

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या गेल्यावर नव्याचे झाकण मिटल्याचा आवाज आला. मग बाई ऑर्डेलरावांना म्हणाल्या, “आता पुरे करावं म्हणते. संपादकांना कळवून टाकते. बोटंही चालत नाहीत, नजरही नाही.”

“हं,” ऑर्डेलराव म्हणाले.

माझ्या अंगात वीज नव्हती, पण माझा जीव कळवळला. बाईंची बोटे संपलेली नव्हती. त्यांना त्यांच्या ओळखीची बटणे हवी होती, आणि ती बटणे दहा पावलांवर बुटांशेजारी गारठत पडली होती. हे बाईंना कळत होते, ऑर्डेलरावांना कळत होते. पण विचारायचे कसे? दिलेली वस्तू परत मागायची, तीही सुनेने प्रेमाने आणलेली भेट बाजूला सारून? भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते मला त्या पडवीत समजले.

शनिवारी लोवेल आणि डेलिया मला न्यायला आले. डेलियाने खोके काखेत मारले आणि विचारले, नवा कसा चाललाय?

“वेगळाच आहे,” बाई म्हणाल्या. 

“बघ, मी म्हणाले नव्हते?” डेलिया नवऱ्याला म्हणाली. ऑर्डेलराव दारात आडवे उभे होते. ते म्हणाले की रस्ता निसरडा आहे. डेलिया म्हणाली, सावकाश चालवू. ते म्हणाले, फारच निसरडा आहे. यापलीकडे बोलणे त्यांच्या स्वभावात नव्हते, ते बाजूला झाले. मला गाडीच्या डिकीत ठेवले आणि डिकीचे झाकण बंद झाले. माझे संपले, असे मी मनाशी म्हटले.

तेवढ्यात बर्फावरून सपातांचा आवाज आला. कोणीतरी गाडीवर थाप मारली.

“डेलिया, थांब. मला तो हवाय.”

मित्रांनो, त्या घरात एवढ्या वर्षांत मी हे शब्द ऐकले नव्हते. झाकण उघडले. आर्लिसबाई कोटाशिवाय, घरातल्या सपातांवर, बर्फात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा लाजेने लाल झाला होता.

“मला माझा जुना हवाय,” त्या पुन्हा म्हणाल्या. “नव्यावर मला लिहिता येत नाही.”

“मग मॉम, आधी सांगायचं नाही का?”

“सांगितलं की. दोनदा सांगितलं. वेगळाच आहे म्हणाले ना!”

डेलिया गोंधळून नवऱ्याकडे पाहू लागली. लोवेलचे कान तापले होते. त्याने बुटाने बर्फ उकरत सगळा अर्थ सांगितला. ती ऐकत राहिली. मग तिचे डोळे हळूहळू मोठे झाले.

“लोवेल. माझा रस्सा?”

लोवेल गाडीच्या काचेवरचा बर्फ पुसू लागला.

“दर नाताळाला?”

“मी दोनदा वाढून घ्यायचो,” ऑर्डेलराव पायरीवरून म्हणाले. “तुला वाईट वाटू नये म्हणून.”

क्षणभर मला वाटले की आता पोर रडते. पण ती जी हसत सुटली, ती गाडीला धरून हसली, आणि हसता हसता सासूबाईंना आपला कोट पांघरून आत घेऊन गेली. मी तिच्या दुसऱ्या काखेत होतो. माझा जीव भांड्यात पडला.

मग डेलियाने आम्हां दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि नवा का जुना हा प्रश्न बाजूला सारून बाईंना विचारले, तुम्ही यावर दिवसभर करता काय? लिहिते, पत्रे पाहते, रविवारी नातीशी बोलते, एवढेच बाई म्हणाल्या. डेलिया संगणकावर घरांचे आराखडे काढते. ती म्हणाली की तिच्या कामाला मी धापा टाकून मेलो असतो, तिथे नवाच हवा. पण या कामाला मी पुरून उरेन, फक्त माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही. ती तालुक्याला जाऊन सुटे भाग घेऊन आली आणि तिने माझी पाठ उघडली. आतली वर्षानुवर्षांची धूळ आणि केकचा चुरा झटकला. नवी बॅटरी घातली, स्मरणाचा, म्हणजे रॅमचा, नवा तुकडा बसवला, जुनी फिरती हार्ड डिस्क काढून तिच्या जागी न फिरणारी, झटपट चालणारी साठवण दिली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील अशी नवी प्रणाली भरली. मला शिकवलेली गावाची नावे तिने आधी जपून काढून ठेवली होती, ती जशीच्या तशी परत दिली. आता कॉफीला आधण येण्याआधीच मी जागा होतो. बाईंना त्याची अजून सवय नाही. त्या दोन मिनिटे उगाच वाट पाहत बसतात.

नवा गेला ऑर्डेलरावांच्या खुर्चीकडे. ते त्याच्यावर मासे पकडण्याची चित्रे पाहतात आणि रविवारी त्याच्यावरच नातीशी बोलणे होते. त्याच्याबद्दल ते म्हणाले, याहून वाईटही असतात. तो माझ्याकडे पाहून लुकलुकला. आमचे बरे जमते.

पुढच्या आठवड्यात खबरबातीची पहिली ओळ अशी होती : ‘श्रीमती टोलेफ्सरूड यांनी पाहुण्यांना लेफ्से वाढले, आणि ते सकाळी लाटलेले होते.’

मित्रांनो, नवे घेऊ नका असे मी म्हणत नाही. नवा माझ्यापेक्षा गुणी आहे हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. पण घेण्याआधी आपले काम काय आहे ते पाहा, आपली बोटे काय म्हणतात ते ऐका, आणि जुन्याची पाठ एकदा उघडून आतली धूळ झटका. दुसऱ्याला विचारताना थोडे जास्त विचारा. आणि तुम्हांला काही हवे असेल, तर गाडीचे झाकण बंद व्हायच्या आत म्हणा.

त्या दिवशी काम संपवून डेलियाने शेवटचा स्क्रू आवळला आणि मला सासूबाईंकडे सरकवले. बाईंनी बोटे ठेवली. त्या अक्षर पुसलेल्या बटणावर एक टक् झाले. डेलिया श्वास रोखून पाहत होती. म्हणाली, “आता कसा आहे, मॉम? खरं सांगा.”

आर्लिसबाईंनी जरा विचार केला.

“काही वाईट नाही,” त्या म्हणाल्या.

आणि या वेळी डेलियाला ते बरोबर समजले. तिने तोंड फिरवून डोळे पुसले.