जगन केणीचं लाल तोंड

सुकापूरच्या जगन केणीने जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता, आणि गावात या गोष्टीचं कौतुक कमी, थट्टाच जास्त व्हायची. हळदीच्या मांडवात सगळी आळी बाटल्या उघडून बसली की जगन जेवणं वाढायचा, खुर्च्या उचलायचा आणि शेवटी ज्यांना चालवत नसे त्यांना आपल्या व्हॅनमध्ये घालून घरोघर पोचवायचा. त्याचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा बाप काशिराम दारूनेच गेला होता. शेवटच्या वर्षी पोट टम्म फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. तेव्हा जगन एकवीस वर्षांचा होता. त्याने शपथबिपथ काही घेतली नाही. त्या वासाने त्याला मळमळायचं, एवढंच.

वडिलोपार्जित भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या तेव्हा भावांनी बांधकामाच्या मालाचा धंदा धरला. जगनने मारुती व्हॅन घेतली आणि नवीन-जुन्या पनवेलमधली मुलं शाळेत न्यायला सुरुवात केली. नऊ मुलं होती. कोणाला पुढच्या सीटवर बसायचं असतं, कोणाला घाटात नव्हे तर साध्या वळणावरही उलटी होते, कोणाची बाटली रोज गाडीतच राहते, हे त्याला तोंडपाठ होतं. आया त्याला ‘जगनकाका’ म्हणत आणि एखाद्या दिवशी उशीर झाला तर मूल त्याच्या भरवशावर गेटपाशी सोडून निघून जात.

चाळिशी ओलांडली आणि त्याच्या तोंडाला काहीतरी झालं.

आधी नुसते गाल तापायचे. गरम चहा प्यायला, की तापले. दुपारी शाळेबाहेर उन्हात गाडी उभी केली, की तापले. केण्यांच्या घरात जगनच काय तो उजळ रंगाचा, त्यामुळे लाली लगेच दिसायची. मग ती उतरेनाशी झाली. नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबड्या बारीक रेघा उमटल्या, गालांवर पुटकुळ्या आल्या, नाक सुजल्यासारखं जाड दिसायला लागलं. साबण लावला की मिरची चोळल्यागत आग व्हायची. त्यात डोळ्यांत सारखी वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि तेही लाल होत.

हौसाने, म्हणजे त्याच्या बायकोने, साय-हळद लावून पाहिली, कडुलिंबाचा पाला वाटून लावला. त्या लेपाने तर तो अंगणात नाचायचाच बाकी राहिला. शेवटी स्टेशनजवळच्या मेडिकलमधल्या कुमारला त्याने तोंड दाखवलं. कुमारने एक ट्यूब काढून दिली. “सगळे हीच नेतात. आठ दिवसांत बघा.”

आणि खरंच, आठ दिवसांत चेहरा निवळला. जगनला वाटलं, सुटलो. पण ट्यूब संपली की चार दिवसांत लाली दुपटीने परत यायची. मग दुसरी ट्यूब, मग तिसरी. वर्ष होत आलं तेव्हा अशी गत झाली, की सकाळी मलम लावलं नाही तर दुपारपर्यंत तोंड भाजल्यासारखं व्हायचं, आणि लावलं तरी लाली जायची नाही. कातडी इतकी पातळ झाली होती, की दाढी करताना वस्तरा टेकताच रक्त यायचं.

लोक बघत होतेच. आधी एका आईने मुलाला गाडीत बसवताना जरा जवळ येऊन श्वास घेतल्यासारखं केलं. मग एक बाप सहज विचारल्यासारखा म्हणाला, “काका, रात्री जागरण वाटतं?” जानेवारीतल्या एका रविवारी नवीन पनवेलमधल्या सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथ यांचा फोन आला. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्यांचा नातू जगनच्या गाडीत होता. “जरा येऊन जा. पालकांना बोलायचंय.”

इमारतीखाली गाड्या लावायच्या जागेत सात-आठ जण उभे होते. जगनला खुर्ची दिली, पण ते सगळे उभे असल्यामुळे तो बसला नाही.

“हे बघा, तुमच्या खाजगी आयुष्याशी आम्हाला घेणंदेणं नाही,” दिनानाथ म्हणाले, “पण मुलांचा प्रश्न आहे.”

“कसला प्रश्न, साहेब?”

दिनानाथांनी पालकांकडे पाहिलं. मग एक बाई म्हणाली, “काका, आरशात बघा ना एकदा.”

तेव्हा जगनच्या ध्यानात आलं. त्याचं तोंड आधीच लाल होतं, ते आणखी तापलं, आणि तापतंय हे त्याला कळत होतं, आणि ते सगळे तेच बघताहेत हेही कळत होतं. तो म्हणाला, “मी पीत नाही. कधीच प्यालो नाही. पाहिजे तर वास घ्या.”

तो रागाने बोलून गेला होता. खरंच कोणी पुढे येईल असं त्याला वाटलं नव्हतं. पण दिनानाथ आले. चष्मा काढून, मान पुढे करून त्यांनी जगनच्या तोंडाचा वास घेतला. जगन तोंड उघडून उभा राहिला, डॉक्टरपुढे लहान मूल राहतं तसा.

“वास तर येत नाही,” दिनानाथ म्हणाले.

मागून कोणीतरी इंग्रजी-मराठी मिसळून पुटपुटलं, “व्होडकाला स्मेल नसतोच.”

आठवड्याच्या आत सहा मुलं दुसऱ्या गाडीत गेली. उरलेल्या तिघांपैकी दोघं महिना संपताच.

घरी त्याने हौसाला सांगितलं, आईला नाही. पण सुकापुरात बातमी चालत येत नाही, धावत येते. दोन दिवसांनी दुपारी जगन डुलकी काढून उठला आणि बाहेर आला, तर त्याची आई ठमाबाई व्हॅनमध्ये गुडघ्यांवर बसली होती. तिने मागची सीट उचलली होती आणि हात खाली घालून चाचपत होती. मग तिने पुढचा कप्पा उघडला, ती मलमाची ट्यूब काढली, टोपण फिरवलं आणि नाकाला लावली.

“आये, काय शोधतेस?”

ठमाबाई दचकली नाही. ट्यूब तशीच हातात धरून तिने त्याच्याकडे पाहिलं. “तुजा बापबी असाच लपवायचा. पेंढ्यात, चुलीमागं. सुरवातीला त्याचं तोंडबी असंच झालं व्हतं.”

“आये, तुला पण वाटतं?”

“मना काय वाटायचं हाय,” ती गाडीतून उतरत म्हणाली. “एकदा केलं मी हे. दुसऱ्यांदा करायला अंगात जोर नाय माज्या.”

त्या दिवसापासून ती त्याला ताट वाढेना. समोर आली तरी बोलेना. लोक काय म्हणतात ते जगनने पचवलं असतं, पण आईच्या त्या गप्प बसण्याने त्याला घरात वावरणं कठीण झालं. तो पेट्रोल पंपाच्या नळावर तोंड धुवायचा आणि उशिरा घरी यायचा, आणि उशिरा येतो म्हणून तिची खात्री आणखी पक्की व्हायची.

गाडीत आता एकच मुलगी होती. तिसरीतली अलिना, जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यातली. तिची आई ताहिरा कपड्यांचं दुकान सांभाळायची, नवरा शाहीद कुवेतला होता. एक दिवस अलिनाला उतरवून जगन म्हणाला, “भाभी, उद्यापासून दुसरी गाडी बघा. एका मुलीसाठी मला परवडत नाही.”

ताहिराने मुलीला आत पाठवलं. “परवडत नाही की लोक बोलतात म्हणून?”

जगनने गाडीत राहिलेली अलिनाची बाटली काढून ताहिराच्या हातात दिली.

“जगनभाई, माझ्या खालाचं तोंड अगदी असंच झालं होतं. डोळेही असेच. पाच वक्त नमाज पढणारी बाई, तिच्यावर कोण शक घेणार? तुमच्यावर घेतला, एवढाच फरक.” ती म्हणाली. “स्किनच्या डॉक्टरला दाखवलंत का?”

“मेडिकलवाल्याला दाखवलं.”

“या अल्लाह! तो काय डॉक्टर आहे? उद्याच जा. आणि गाडी बंद करायची नाही.”

हौसा सोबत आली. डॉक्टरीणबाई वयाने लहानच होत्या. त्यांनी दिव्याखाली चेहरा नीट पाहिला, पापण्या पाहिल्या आणि विचारलं, “दारू पिता का?”

जगन उठूनच उभा राहिला. हौसाने त्याचा शर्ट धरला. “बसा हो. बाई, तेवढं सोडून काय पण इचारा.”

“मला सगळ्यांनाच विचारावं लागतं,” बाई म्हणाल्या. “न पिणाऱ्यालाही हा आजार होतो. याला रोझेशिया म्हणतात. चेहऱ्याची कातडी हुळहुळी होते, ऊन, तिखट, गरम काही सोसत नाही. तुमचा आजार मुळात एवढा नव्हता. या ट्यूबने वाढवला. यात स्टेरॉइड आहे.”

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, एक जेल दिलं, उन्हाचं क्रीम, साबणाऐवजी धुवायला सौम्य लोशन, डोळ्यांना कोमट कापडाचा शेक. आणि ट्यूब कचऱ्यात. “पण ऐका. ही ट्यूब सोडली की आधी खूप भडकणार. काही आठवडे फार त्रास होईल. त्या वेळी परत लावलीत, तर सगळं मुळापासून सुरू. आणि हा आजार ताब्यात राहतो, पुरता जाईलच असं मी सांगत नाही.”

जगन थोडा घुटमळला. “बाई, मी पीत नाही असं लिहून द्याल?”

“आजाराचं नाव लिहून देते. तुम्ही काय पीत नाही, ते मला कसं लिहिता येईल?”

बाईंनी सांगितलं होतं त्याहून वाईट झालं. चौथ्या दिवशी तोंड सुजून डोळे बारीक झाले. कातडीतून पाणी पाझरायला लागलं, वाळलं की खपली धरायची आणि जांभई दिली की ती फुटायची. उशीला गाल टेकवत नव्हता. त्याने ताहिराला फोन करून काही दिवसांची सुट्टी घेतली आणि मागच्या खोलीत खिडकी लावून पडून राहिला. हौसा गार पाण्याच्या घड्या आणून ठेवायची. ती सकाळी दिराच्या दुकानावर कामाला गेली की घरात जगन आणि ठमाबाई दोघंच.

एका दुपारी त्याला वाटलं, बस झालं. कुमारच्या मेडिकलपर्यंत रिक्षाने दहा मिनिटं. एकदा लावलं की संध्याकाळपर्यंत थंड पडेल. त्याने शर्ट घातला, तोंडाला रुमाल बांधला आणि दार उघडलं. दारातच ठमाबाई बसली होती.

“कुठं चाललास?”

“औषध आणायला.”

ती उठली नाही. “दहा दिस झालं,” ती म्हणाली. “मी रोज हितंच बसते. तू भायेर गेला नाय, कोन आत आला नाय.”

“मग?”

“हात दाव तुजं.”

जगनला कळेना. त्याने दोन्ही हात पुढे केले. ठमाबाईने ते आपल्या हातांत घेतले नाहीत, नुसतीच बघत राहिली. बराच वेळ. जगनचे हात हवेत तसेच स्थिर होते.

“तुज्या बापाला दोन दिस मिळाली नाय, तर पेला धरता यायचा नाय,” ती म्हणाली. “कापरं भरायचं. भिंतीवर मुंग्या दिसायच्या, मना हाका मारायचा. तुना तसं कायच नाय.” तिने त्याचे हात हलकेच खाली केले. “मी वाट बगत व्हते रं. आज कापंल, उद्या कापंल.”

जगन तिच्या शेजारी उंबऱ्यावरच बसला. त्याला रडू येत होतं, पण खारट पाणी गालावर आलं की आग व्हायची, म्हणून तो मान वर करून बसला. ठमाबाईने पदर ओला करून त्याच्या डोळ्यांच्या कडा टिपल्या, गालांना न लागता. तो मेडिकलमध्ये गेला नाही.

पाचव्या आठवड्यात सूज उतरली. पुटकुळ्या विरल्या. मे महिन्यापर्यंत चेहऱ्यावर नुसती गुलाबी झाक आणि नाकापाशी त्या बारीक रेघा राहिल्या. जगन सकाळी उन्हाचं क्रीम लावून, टोपी घालून निघायचा. आळीतली पोरं म्हणायची, “जगन्या मेकअप करतो.” ठमाबाईला आजाराचं नाव काही केल्या जमत नव्हतं, ती नळावर सगळ्यांना ‘रोजेशा’ म्हणून सांगायची. पटलं किती जणांना, देव जाणे.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी दिनानाथ स्वतः सुकापूरला आले. नवा गाडीवाला वेळ पाळत नव्हता. त्यांनी जगनचा चेहरा न्याहाळला आणि मोकळेपणाने हसले. “छान! चेहरा बघा कसा स्वच्छ झाला. सोडलीत ना? फार अवघड असतं हो, माझ्या मेहुण्याला नाही जमलं. मी सांगितलंय सगळ्यांना, माणूस सुधारलाय, एक संधी देऊ.”

 एक ‘हो’ म्हटलं की गेलेली आठही मुलं परत येणार होती.

“साहेब, धरलीच नव्हती, तर सोडू कशी?”

“असू दे, असू दे. झालं गेलं.”

“असू दे कसं? तुम्ही सगळ्यांना बोलवा. मी डॉक्टरांचा कागद आणतो. तो वाचा, मग मुलं पाठवा.”

दिनानाथांचं हसू मावळलं. “अहो, एवढं ताणायचं कशाला? आम्ही चांगल्या मनाने आलो.”

“बघा. मी थांबतो,” जगन म्हणाला.

त्यांचा फोन आला नाही. हौसा दोन दिवस धुसफुसत होती, तिचंही चुकीचं नव्हतं. घर चालवायचं म्हणून जगन दुपारी भावाच्या दुकानाचा माल पोचवायला लागला. सकाळी मोहल्ल्यातली मुलं होती. ताहिराने तिच्या शेजारणींना सांगून चार मिळवून दिली होती.

ऑक्टोबरात ऊन तापलं आणि गाल पुन्हा उसळले. मागच्याएवढे नाहीत, पण आरशात पाहताच जगनने डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी गोळ्या परत चालू केल्या आणि सांगितलं, असं अधूनमधून होणार. दुसऱ्या सकाळी तो खाली मान घालूनच मोहल्ल्यात शिरला. अलिना पुढच्या सीटवर चढली, दप्तर मांडीवर घेतलं आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. जगनने टोपी आणखी पुढे ओढली.

“काका, दुखतं का?”

“दुखत नाही. आग होते.”

“खूप?”

“आज खूप,” जगन म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी जोर लावून आपल्या बाजूची काच पूर्ण सरकवून उघडली, आणि जगनने गाडी सुरू केली.