फ्लूच्या वॉर्डातलं भांडण

१९१८ साली लढाई संपली, पलटणीतली माणसं घरी आली, आणि पाठोपाठ फ्लूनं सांगलीच्या दवाखान्यात मुक्काम ठोकला. कडेगावचा पेन्शनर हवालदार नाथाजी तापानं फणफणत तिथं येऊन पडला. मरायची त्याची मुळीच तयारी नव्हती. साठी ओलांडली म्हणून काय झालं? दात शाबूत होते, आणि कृष्णातशी भांडण अजून संपायचं होतं.

कृष्णात त्याचा सख्खा धाकटा भाऊ. बेंदराच्या सणाला बैलांच्या मिरवणुकीत पुढं चालायचा मान नाथाजीच्या बैलाचा; एका वर्षी ह्या पठ्ठ्यानं आपला बैल मधेच घुसवला. झालं! दोघांनी बोलणं टाकलं ते टाकलंच.

वॉर्डातले तरुण डॉक्टर अभ्यंकर, कुणी दगावलं की त्याची लक्षणं टिपून ठेवत. वय काय, धाप कशी होती, ओठ निळे पडले होते का, माणूस बरळत होता का. नाथाजी पडल्या पडल्या बघायचा आणि मनात म्हणायचा, ह्यो कसला डोंबलाचा अभ्यास! त्याचा स्वतःचा अभ्यास निराळा होता. शेजारचे वाईचे भटजी गेले, त्याच्या आदल्या दिवशी बायकोनं मुद्दाम श्रीखंड आणलं होतं. पलीकडचा शिराळ्याचा पैलवान गेला, त्याच्या गळ्यात सकाळीच एक मेहुणा पडून रडला होता, जो वर्षानुवर्षं त्याच्या दारात फिरकला नव्हता. म्हणजे आवडीचं खायला आलं की समजावं, माणसाचं काही खरं नाही. आणि वैरी गोड बोलायला आला की माणूस खलास.

एका सकाळी बायको अंबूबाईनं मायेनं विचारलं, "आवं, काय खावंसं वाटतंय?"

"काय बी नगं! भटजीला शिरखंड आनलं, पैलवानाला मेव्हना भेटला, दोगंबी गेलं! शिळी भाकरी आन."

दुसऱ्याच दिवशी दारात कृष्णात उभा. हातात डबा, डब्यात मटणाचा रस्सा, डोळ्यांत पाणी. नाथाजी खाटेच्या पलीकडच्या कडेला सरकला.

"दादा," कृष्णात खाटेशी बसला, "त्या बैलाचं आता सोडून दे. माजंच..."

"गप! माजं चुकलं म्हनालास तर याद राख! मला मारायला आलास व्हय रं मुडद्या?"

अंबूबाईनं कपाळावर हात मारला, दिराला बाहेर नेलं आणि नवऱ्याच्या डोक्यातलं खूळ सांगितलं. कृष्णात पोट धरून हसला. मग आत येऊन म्हणाला, "माजा बैल पुढं गेला, कारन तुजा म्हातारा झाला हुता. तुज्यावानी!" असा काही शंख सुरू झाला की नर्सबाई धावत आली. रस्सा कृष्णातनं समोर बसून एकट्यानं ओरपला.

मग हे रोजचंच झालं. सांगलीत पाव्हण्याकडं राहून कृष्णात रोज भांडायला यायचा. नाथाजी चिडून उठून बसायचा, ओरडायचा, खोकायचा, आणि खोकला की कफ सुटायचा. ताप उतरला, जेवण जाऊ लागलं. डॉक्टर कृष्णातला बजावत, "अहो, तोंडाशी तोंड नेऊन भांडू नका. हा रोग श्वासातून लागतो." ऐकतो कोण!

नाथाजीला घरी सोडायचं ठरलं, त्याच दिवशी कृष्णातला दोघांनी धरून आत आणलं आणि शेजारच्या खाटेवर टाकलं. ओठ जांभळे, छाती भात्यासारखी वरखाली. डॉक्टरांनी तपासलं आणि नाथाजीकडं न बघताच ते बाजूला झाले.

नाथाजी उठून भावाच्या खाटेशी आला. माझ्यापायीच लागलं ह्याला, माझ्या खुळापायी. त्याला भावाचे पाय धरावेसे वाटले.

"दादा," कृष्णात धापा टाकत म्हणाला, "आता तरी... बरं बोल रं येक."

सगळं ओठांवर आलं होतं. मान तुझा, बैल तुझा, लय चुकलं माझं. पण हे बोललं की भाऊ जाणार, ह्याची त्याला खात्री होती. त्यानं कृष्णातचा तापलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि तो खेकसला, "कशाला बोलू? लबाड हाईस तू! मधेच बैल घुसवलास!"

कृष्णात हसला. "तुजा... म्हातारा..." एवढंच म्हणाला.

"म्हातारा? लंगडा हुता तुजा बैल! शिंगं तरी धड हुती का रं त्याला?" नाथाजीच्या डोळ्यांतनं धारा लागल्या होत्या. "बोल की गड्या! भांड की! मागं का सरतूयास?"

तो ओरडतच राहिला. अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. त्याच्या हातातला हात कधीचा सैल पडला होता, पण त्याला थांबवायचा धीर डॉक्टरांनाही होईना.