नव्वीची जोडी

पैज तशी अगदीच फालतू होती, आणि फालतू पैजाच माणसाला खड्ड्यात घालतात.

रविवारची दुपार. शिंप्याच्या बंद दुकानात, कापड बेतायच्या लांब टेबलाभोवती चौघं बसले होते. दुकान शिंप्याचं, वय सगळ्यांत जास्त, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दवाखान्यात नर्स होत्या. मामा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट चार महिने बंद असल्याबद्दल रोज बोलणी खायचे. चौथा शेजारच्या दुकानातला चष्मेवाला. त्याला मास्तरांनी भिंग्या असं नाव ठेवलं, ते गल्लीभर झालं, आणि आता त्याची बायकोसुद्धा भांडताना तेच वापरायची.

पोकर चौघांत आणला मास्तरांनीच. हातात दोन पत्ते, टेबलावर हळूहळू उघडणारे पाच, सातांतून ज्याचे पाच भारी तो जिंकला. पैसे नाहीत, मास्तरांच्या डब्यातली बटणं. दर बांधलेला. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन-दोन बटणं, शेवटच्या दोनांत चार-चार, आणि एका फेरीत फार तर तीनदा वाढवायचं.

"सगळा ढीग पुढं सारून समोरच्याला घाबरवायची सोय इथं नाही," मास्तर म्हणायचे. "अक्कल असेल तर चार बटणांत दाखवा."

त्या दिवशी त्यांनी भिंग्यालाच धरलं.

"ह्याचं कसं आहे वहिनी, चांगला हात आला की हा कोंबड्यासारखा आरवतो. वाईट आला की झोपतो. आणि मधला आला की घरी विचारून येतो असं तोंड करतो."

"मग मधल्या हातावर लावून मिळतं काय?" भिंग्या म्हणाला. "माझ्यापेक्षा वाईट असेल तो पळणार, चांगला असेल तो थांबणार. म्हणजे लावायचं ते हरायलाच."

"हे पत्त्यांना विचारून कळत नाही रे. समोर बसलाय त्याला विचार. तुझ्याहून वाईट हात घेऊन तो थांबेल का? थांबणार असेल तर लाव. नाहीतर गप्प राहा आणि फुकट बघ."

"आज पाचपर्यंत तुमच्यापेक्षा जास्त बटणं करून दाखवतो."

"तू?" मामा म्हणाले, आणि एवढ्यावर पैज लागली.

शिक्षा वहिनींनी ठरवली. जिंकणारा एक जाहीर कबुली लिहिणार आणि हरणारा ती फाटकाजवळ स्टुलावर उभा राहून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर मोठ्यानं वाचणार. मामांनी टेबलावर थाप मारली. बटणं लावता लावता मास्तरांचा हात एक क्षण थांबला. मग ते हसले. "चालेल की."

तो थांबलेला हात एकट्या भिंग्याला कळला.

तीन आठवड्यांपूर्वी मास्तर त्याच्या दुकानात आले होते, शटर अर्धं खाली ओढायला लावून. भिंग्याच्या अक्षरांच्या तक्त्यावर सगळ्यांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत त्यानं स्वतः लिहिलेली ओळ होती: 'एवढं दिसतंय तर इथं कशाला आलात?' गिऱ्हाईक ती वाचून हसलं की भिंग्याचा दिवस सार्थकी लागायचा. मास्तर तिसऱ्या ओळीलाच अडले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला.

"शाळांचे गणवेश द्यायचेत," मास्तर म्हणाले होते. "महिनाभर आहे. सूनबाई दोरा ओवून देते, बाकी बोटांना येतं. ते झालं की ऑपरेशन. तोवर बोलू नकोस. शिंप्याला दिसत नाही म्हटल्यावर लोक माझ्याकडं पायपुसणंसुद्धा शिवायला टाकणार नाहीत."

"माझ्या पोटात राहील मास्तर," भिंग्या म्हणाला होता.

म्हणजे कागद वाचायच्या शिक्षेला 'नको, दुसरं काहीतरी' म्हणायला तोंड होतं ते भिंग्याला. त्यानं ते उघडलं नाही. खिशात त्यानं सकाळीच लिहून ठेवलेला कागद होता, फार मजेदार लिहिला गेला होता, आणि वहिनींना शिक्षेची कल्पना आदल्या दिवशी जिन्यात त्यानंच दिली होती. तेव्हा डोक्यात फक्त गंमत होती. मास्तरांचे डोळे आठवलेच नव्हते. आता आठवले, आणि त्यानं पत्ते उचलले.

साडेचारला आभाळ भरून आलं. खिडकीतला उजेड मळकट झाला. शेवटचा डाव, मास्तर थोड्या बटणांनी पुढे. पहिल्या फेऱ्यांतच वहिनी आणि मामा पत्ते टाकून मोकळे झाले. राहिले दोघं.

टेबलावर होते बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर नव्वी, इस्पिक दुर्री. भिंग्याच्या हातात बदाम नव्वी आणि इस्पिक दश्शी. म्हणजे नव्वीची जोडी. वाईट म्हणता येणार नाही, चांगली म्हणायला जीभ वळणार नाही. मग पाचवं पान उघडलं. बदाम चव्वी.

टेबलावर तीन बदाम. ज्याच्या हातात आणखी दोन बदाम, त्याचे पाचही बदाम, म्हणजे कलर, आणि नव्वीची जोडी त्याच्यापुढं कचरा.

मास्तरांनी हातातले पत्ते उचलले आणि खिडकीकडं तिरपे धरले. पुन्हा धरले. मग उपडे ठेवून ताठ बसले.

'पत्ते एकदाच बघायचे, दुसऱ्यांदा बघतो तो बोलतो,' हा मास्तरांचाच धडा. भिंग्याच्या डोक्यात चक्रं फिरली. तिसरं बदाम पडताच पुन्हा बघतायत, म्हणजे दोन्ही पत्ते लाल आहेत. लाल-काळं त्यांना कळतं, पण ह्या उजेडात बदाम कुठला आणि चौकट कुठली, ते कळायला माझा तक्ता तिसऱ्या ओळीच्या पुढं वाचावा लागतो. मला चार बदाम दिसतायत, चौकट एकही दिसत नाही. म्हणजे त्या दोन पत्त्यांत चौकट असायचाच संभव जास्त. आणि ते समजतायत बदाम. वाईट हात घेऊन थांबतील का? थांबतील काय, वर चढवतील.

गप्प राहून नुसतं बघितलं असतं तर डाव हातात आला असता, पण मास्तर पुढेच राहिले असते. पैज जिंकायची तर लावायलाच हवं होतं.

भिंग्यानं चार बटणं सारली.

"अगबाई," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी आणखी चार वाढवली. भिंग्यानं आणखी चार.

"भाऊजी, सोडा," वहिनी भिंग्याला म्हणाल्या. "त्यांना कलर लागलाय, लहान पोराला कळेल."

मास्तरांनी शेवटची वाढ केली. बटणं मोजून ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की भिंग्याला क्षणभर वाटलं पत्ते टाकून द्यावेत. टाकले नाहीत. चार बटणं ठेवली आणि म्हणाला, "दाखवा."

"कलर," मास्तर म्हणाले, आणि पत्ते उघडे केले. राणी आणि पंजी. दोन्ही चौकटच्या.

मामा टेबलावर वाकले. "मास्तर, ही चौकट आहे."

मास्तरांनी राणीवरून अंगठा फिरवला, जणू कापडाचा पोत बघतायत. "माहीत आहे. थाप मारून बघितली. बसली नाही."

मामा मनापासून हसले. वहिनी मात्र भिंग्याची नव्वी बघत होत्या. "पण तुम्ही? मधल्या हातावर एवढं चढवलंत? कशावर?"

"माणूस वाचला," भिंग्या म्हणाला. सवयीनं तोंडातून निघून गेलं.

मास्तरांनी मान वर केली. "काय वाचलंस?"

भिंग्यानं पत्ते गोळा करायला घेतले.

"चेहरा."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि बटणं डब्यात भरायला लागले. एक खाली पडलं. ते त्यांनी शोधलं नाही.

"कागद लिहिला की नाही?" वहिनींनी विचारलं आणि भिंग्याच्या शर्टाच्या खिशातून तो ओढलासुद्धा. दुकानाच्या जाहिरातीच्या पाठीमागं लिहिलेला. चष्म्याचे नंबर लिहून लिहून भिंग्याचं अक्षर मुळातच बारीक.

"कागदाचं राहू दे," तो म्हणाला. "मास्तर तोंडानं काहीतरी बोलतील."

"वा. ठरलं ते ठरलं," मामा म्हणाले.

"ठरलं ते ठरलं," मास्तरही म्हणाले, आणि आपलं स्टूल आपणच उचललं.

फाटकाजवळ पाचाची वर्दळ होती. वहिनींनी हाका मारून आणखी माणसं जमवली. जिन्यावरच्या बायका, दूधवाला, समोरचा सायकलवाला, मास्तरांकडं मुलांचे गणवेश टाकलेल्या दोघी आया. भिंग्याची बायको भाजीची पिशवी घेऊन येत होती, तीही थांबली. मास्तर पायानं स्टूल चाचपून वर चढले. कागद डोळ्यांसमोर धरला, जवळ आणला, लांब नेला. लिहिलेली बाजू लोकांकडं होती. मास्तरांसमोर होतं चष्म्याचं मोठं चित्र.

अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गणवेशवाल्या दोघींतली एक पुढं उभी होती, तिनं मान तिरपी केली आणि तिच्या कपाळाला आठी पडायला लागली.

"खाली उतरा मास्तर," भिंग्या म्हणाला. "हरलो मी."

"काय झालं आता?" वहिनी म्हणाल्या.

"मी पत्ते बघितले त्यांचे. त्यांच्या मागच्या खिडकीच्या काचेत दिसत होते."

मामांनी आधी हसायची तयारी केली, मग त्याचं तोंड बघून ती रद्द केली.

"चोरून बघितलंस?" मामा म्हणाले. "बटणांसाठी?"

"हो."

"किती रविवार चाललंय हे?"

खरं सांगायची सोय नव्हती, आणि 'आजच' म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. भिंग्यानं खाली बघितलं. त्याच्या बायकोनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि ती थेट जिना चढून गेली. वहिनी, ज्या त्याला गेली आठ वर्षं भाऊजी म्हणत होत्या, एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडं आम्ही डोळे दाखवायला येतो हो."

मास्तर उतरले. उतरताना त्यांनी भिंग्याच्या खांद्याचा आधार घेतला, कारण दुसरं काही जवळ नव्हतं. कागद त्याच्या हातात दिला. तोंडातल्या तोंडात म्हणाले, "खिडकीची काच नव्हे रे. तुझ्या दुकानातल्या काचेतून मला काही दिसलं नव्हतं, ते वाचलंस तू," आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

भिंग्या वर चढला. सकाळी लिहिताना तो एकटाच खदाखदा हसला होता. आता तेच शब्द दगडासारखे एकेक उचलायचे होते, आणि मास्तरांच्या जागी स्वतःला घालायचं होतं.

"मी, ह्या इमारतीतला शिं... चष्मेवाला, सर्वांसमक्ष कबूल करतो, की पत्त्यांत मला काडीची अक्कल नाही. माझे टाके... माझे चष्मे जसे नाकावरून घसरतात, तसा मीही घसरतो. ज्यानं मला खेळ शिकवला त्याला मी मान खाली घालायला लावली. यापुढं मला कुणी..."

आवाज चिरकला. दूधवाला तेवढा हसला आणि त्याला कुणी साथ दिली नाही.

"मागं ऐकू येत नाही," मास्तर म्हणाले. "पहिल्यापासून घे. सावकाश."

भिंग्यानं कागद सरळ केला आणि पहिल्यापासून घेतलं.