धुवायची नाही, पुसायची

बजरंग मिस्त्रीने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, हॉलचं दार उचलून बाल्कनीत आडवं ठेवलं आणि त्याच्या खालच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारली. जुन्या टाइल्स न फोडता त्यांच्यावर फोम, फोमवर बांबूच्या पट्ट्या, म्हणजे जमीन बोटभर वर येणार. दार तेवढं खालून कापलं नाही तर उघडणारच नाही. करवतीचा आवाज ऐकून गोदाबाई काठी टेकत बाहेर आल्या आणि कापल्या जाणाऱ्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

पट्ट्यांचे खोके दोन दिवस आधीच घरात येऊन पडले होते. बांबूला घरच्या हवेची सवय व्हावी लागते, असं बजरंगचं म्हणणं. नवी नवरी आल्या दिवशी चुलीपुढे बसवत नाहीत, तसंच हे, असं त्याने सांगितल्यावर गोदाबाई पदराआड हसल्या होत्या. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच हसल्या म्हणून सुनेला, अपेक्षाला, बजरंग आवडून गेला.

शेवटची पट्टी बसली, भिंतीकडेची फट झाकणारी लाकडी किनार ठोकून झाली, तेव्हा बजरंगने सगळ्यांना समोर उभं करून नियम सांगितले. पाणी सांडलं तर लगेच टिपायचं. पिळलेलं फडकं चालेल, ओतलेलं पाणी अजिबात चालणार नाही.

"मग धुवायची कशी?" गोदाबाईंनी विचारलं.

"धुवायची नाही, मावशी. पुसायची."

मोरीत पालथ्या घातलेल्या बादलीकडे गोदाबाईंनी एकदा पाहिलं.

मांजरी गावच्या ज्या वावरात त्यांनी उसाला दारं धरली, फावड्याने माती ओढून एका सरीचं पाणी दुसरीत वळवलं, त्याच वावरात आता ही इमारत उभी होती. नाव इंग्रजी, पुढची हिरवळ प्लास्टिकची. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये सगळं होतं. स्वयंपाकाला बाई, कपड्यांना मशीन. मुलगा शुभंकर आणि अपेक्षा दोघंही खराडीला कंपनीत, सकाळी गेले की दिवे लागल्यावर परत. नवरा हिंमतराव पारावर जायचे. पार तेवढा बिल्डरने ठेवला होता. गोदाबाईंच्या वाट्याला एकच काम उरलं होतं, दर शुक्रवारी फरशी धुणं. साडी खोचायची, आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची, बादलीमागून बादली ओतत खराट्याने पाणी बाल्कनीच्या जाळीपर्यंत रेटत न्यायचं. त्या दिवशी त्या गुणगुणायच्या आणि पारावरून परतलेले हिंमतराव फरशी वाळेपर्यंत जिन्यात बसून राहायचे. सोसायटीत टँकर येतो, पाणी जपून वापरा, असं शुभंकर सांगायचा. त्या "व्हय, व्हय" म्हणायच्या आणि नळ सोडायच्या.

अशाच एका शुक्रवारी त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात अपेक्षाच रात्रंदिवस उशाशी होती. सासूची वेणी घालणं, भांडं देणं, काही म्हणजे काही तिने आयाबाईवर सोडलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत. अपेक्षाने आठवडाभर इंटरनेट धुंडाळलं, वाघोलीच्या दुकानात जाऊन नमुने तळपायाखाली घालून पाहिले. बांबू गार लागत नव्हता, पाय घसरत नव्हता. तिला लहानपणापासून आई नव्हती. ही मिळाली होती, ती तिला घालवायची नव्हती, एवढीच गोष्ट होती.

आणि जमीन खरोखर चांगली निघाली. गोदाबाई आधी काठीने, मग भिंतीच्या आधाराने, मग नुसत्याच चालू लागल्या. येणारेजाणारे कौतुक करत. अपेक्षाने त्यांना लांब दांड्याचं चपटं पुसणं आणून दिलं, सोबत पाणी फवारायची बाटली. गोदाबाईंनी ते दोनदा फिरवून पाहिलं आणि खुंटीला लावून टाकलं. हे फरशी पुसणं नव्हे, पाटी पुसणं झालं, असा त्यांचा निकाल.

मग एका शुक्रवारी त्यांनी बादली उचलून दाराबाहेरचा जिना धुतला. पाणी खालच्या मजल्यावर उतरलं, लिफ्टच्या दारात साचलं. सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. अहो, आपण धबधबा बघायला लोणावळ्याला जातो, तुम्ही तो इमारतीतच आणलात, असं काहीसं ते हिंमतरावांना म्हणाले आणि नमस्कार करून गेले. शुभंकर आईवर चिडला. अपेक्षा चिडली नाही, ती घाबरली. ओला जिना आणि तो खुबा. दुसऱ्या दिवशी तिने बादली आणि खराटा स्वयंपाकाच्या बाईंना देऊन टाकला. मोरीत शॉवर होता, बादलीचं अडत नव्हतं.

तेव्हापासून गोदाबाई बाल्कनीतल्या खुर्चीत बसून राहू लागल्या. जेवण अर्ध्यावर आलं. तपासण्या झाल्या, सगळे आकडे ठीक निघाले. माणूस मात्र उतरत चाललं होतं. एका रविवारी अपेक्षा त्यांच्या पायांना तेल लावत होती. तिने विचारलं, कुठे दुखतंय का.

"दुखत काय नाय. करमत नाय." त्यांनी हॉलकडे बोट केलं. "दिवाळीला एकदा धुऊ दे की. सगळं घर नगं. फकस्त ह्यो हॉल."

"आई, पट्ट्या फुगतील. सगळं वर येईल. आणि तुम्ही पुन्हा पडलात तर?"

"बरं," गोदाबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

दिवाळी त्यांनी पाहिलीच नाही. नवरात्र संपल्यावर एका सकाळी अपेक्षा चहा घेऊन गेली, तर त्या कुशीवर होत्या आणि अंग गार पडलं होतं. झोपेतच गेल्या, सोनं झालं, असं सगळे म्हणत होते. अपेक्षाला त्यात सोनं कुठे दिसेना.

त्यांना हॉलमध्ये त्याच जमिनीवर घोंगडीवर ठेवलं. गावचा गोतावळा आला. घरात शिरताना प्रत्येक जण दारात पाय झाडत होता, पाण्याचा तांब्या जपून धरत होता. इतक्या माणसांत एक थेंब सांडला नाही. अंघोळ घालायलाही त्यांना खाली पार्किंगमध्ये नेलं. पुरुष तिथूनच खांदा देऊन गेले आणि बायका वर आल्या.

हिंमतरावांची थोरली बहीण सोजरबाई म्हणजे घराण्याचं हायकोर्ट. लग्न असो, मयत असो, शब्द त्यांचा. मयत घरातून गेली की पुरुष परत यायच्या आत घर धुवायचं, ही रीत. तसं त्यांनी सांगितलं. शेजारच्या एक बाई हळूच म्हणाल्या की इथे पाणी चालत नाही, खाली बांबू आहे. आता सुनेची खरडपट्टी निघणार, म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या. अपेक्षा भिंतीला टेकून बसली होती. ती मनातून वाटच बघत होती. कुणीतरी एकदा तिला बोलावं.

सोजरबाई जमिनीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या. ओलं फडकं फिरवा. गोदाला चालंल." आणि अपेक्षाकडे वळून, अगदी हलक्या आवाजात, "मला फोनवर सांगायची ती. माझ्या हाडासाठी सुनंनं केलीय ही जमीन, मी थेंब सांडू देत नाय म्हनायची."

अपेक्षा उठली. शेजारच्या बाईंकडे तिने बादली मागितली. आणायला गेलेल्या बाईंना वाटलं, फडकं पिळायला हवी असेल. मोरीत नळ बराच वेळ चालू राहिला. ती बाहेर आली तेव्हा बादली काठोकाठ भरलेली होती आणि दोन्ही हातांनी धरूनही तिला पेलवत नव्हती. आतल्या भिंतीपाशी जाऊन तिने ती ओतली.

पाणी वळेचना. बाल्कनीच्या दारात बजरंगने बसवलेली धातूची पट्टी होती, तिला धडकून ते मागे फिरलं, हॉलभर पसरलं आणि जोडांतून खाली उतरू लागलं. अपेक्षाने जन्मात फरशी धुतली नव्हती. ती गुडघ्यांवर बसून तळहातांनी पाणी पुढे लोटू लागली. दुसरी बादली. तिसरी. ती रडत होती आणि पुटपुटत होती, "धुवा आई, धुवा. सगळं घर धुवा." बायकांनी पाय वर घेतले, पण तिला धरायला कुणी उठलं नाही. शेवटी सोजरबाईंनी साडी खोचली, कुणाकडून तरी खराटा मागून घेतला आणि तिच्या मागोमाग, भिंतीकडून दाराकडे, ओळीने पाणी ओढत नेलं. बांबूची पिवळी जमीन गडद होत गेली.

तोवर पुरुष परतले. पुढे शुभंकर होता, ओल्या धोतरात. दारातून आत पाहताच त्याच्या तोंडून, "अपेक्षा, अगं हे..." एवढं निघालं. मग त्याने तिचे हात पाहिले आणि तो बाजूला झाला.

मागून हिंमतराव आले. ते कुणाकडेच बघत नव्हते. उंबऱ्याशी त्यांनी एक पाय उचलला, ओल दिसली तसा मागे घेतला आणि कठड्याला धरून उभे राहिले.

"वाळली का गं?" त्यांनी आतल्या बाजूला विचारलं. "येऊ का आत?"

सोजरबाईंनी खराटा खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला. अपेक्षा उठून दारापाशी आली.

"नाही, आबा," ती म्हणाली. "थांबा थोडं. अजून ओली आहे."

हिंमतरावांनी मान हलवली आणि जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांच्या मागे आलेली माणसंही मग एकेक करून पायऱ्यांवर बसली.