वरवंडची शेकायची वीट

मित्रांनो, माझी एक कड चुलीत काळी पडली आहे आणि अंगाला एरंडाच्या पानांचा वास आहे. मी वरवंडची एक जुनी वीट. भिंतीत बसलेल्या माझ्या बहिणी निवांत आहेत. मला मात्र अजून स्वस्थता नाही.

भट्टीतून मी वाकडी निघाले, म्हणून गवंड्याने मला बाजूला टाकले. गावातल्या सुलतानबीने उचलून घरी नेले. तिच्या सासूचे गुडघे दुखत. सुलतानबी मला चुलीत तापवायची, एरंडाच्या पानांत आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून शेकायची. सासू भिंत न धरता उठू लागली आणि ही गोष्ट गावभर झाली. मग मी एका घरी राहिलेच नाही. मला परत आणताना बरोबर एरंडाची चार ताजी पाने आणायची, अशी रीतच पडली.

किती गुडघे पाहिले मी! म्हाताऱ्यांचे करकरणारे, सांध्यातली गादी झिजली की हाडाला हाड घासते. दिवसभर उकिडवे बसून खुरपणाऱ्या बायकांचे, संध्याकाळी आखडलेले. त्यांना माझ्यामुळे आराम पडे. तालमीत पाय मुरगळलेल्या हौसरावलाही लगेच मलाच लावले. त्याला खरे तर गार पाण्याची घडी आणि विश्रांती हवी होती. त्याची सूज वाढली, पण मला दोष कोणी दिला नाही. सगळीकडे ऊब माझ्याकडून गुडघ्याकडे जायची. मला वाटे, जगाचा नियमच तो.

मग संपतच्या घरून बोलावणे आले. त्याच्या आठ वर्षांच्या नकुशीच्या गुडघ्यात बाभळीचा काटा मोडला होता. काटा निघाला, पण चौथ्या दिवशी गुडघा फुगला आणि ताप चढला. संपतच्या आईने, दगडाबाईने, मला लावताच पोर किंचाळली.

"आवळून धर रं," दगडाबाई म्हणाली. "नाटकी हाय पोरगी."

मी हळूहळू कोमट झाले. गुडघा मात्र तापलेलाच. थोड्या वेळाने त्याचीच ऊब उलटी माझ्यात येऊ लागली. असे कधीच झाले नव्हते. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण विटेला तोंड कुठले?

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडाबाई मला पुन्हा चुलीत सरकवणार, एवढ्यात सुलतानबी आली. तिने हाताची मागची बाजू नकुशीच्या एका गुडघ्याला लावली, मग दुसऱ्याला. आणि मला उचलून तिने सरळ पिशवीत टाकले.

"आत्या, वीट न्हाई मिळायची. ह्यो गुडघा बघा कसा भाजतोय. दुसरा गार हाय."

"साऱ्या गावाला शेकलंस, आन् आमच्याच पोरीला न्हाई व्हय? तुझ्या सासूला कसं बरं वाटलं?"

"तिचा झिजला व्हता. ह्यात पू धरलाय. संपत, बैल जुंप. पाटसला गाडी धरू, दौंडला दाखवू."

"मोठी शानी! तुझी वीट आता डागदरीण झाली का काय?"

"ती झाली न्हाई, म्हणून तर डागदरीण बघाया चाललोय. उठ रं संपत!"

संपत आईकडे बघत राहिला. मग नकुशी कण्हली आणि तो उठला.

बैलगाडीच्या प्रत्येक धक्क्याला पोर विव्हळायची. पाटसला गाडी उशिरा आली. कोळशाचे इंजिन धुरात थांबत थांबत चालले. पिशवीत मी थंडगार, आणि तरी जिवाची नुसती तगमग.

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी सुईने सांध्यातले पाणी काढले. ते गढूळ, पिवळट होते. "कशाने शेकलंत?" त्यांनी विचारले. सुलतानबीने खाली बघत मला बाहेर काढले.

"अजून दोन दिवस गेले असते, तर सांधा कायमचा गेला असता," बाई म्हणाल्या. मग पेनिसिलीनची इंजेक्शने सुरू झाली. सांधा धुतला, पाय फळीला बांधला. तीन आठवड्यांनी ताप, सूज सगळे गेले, पण मांडीचा स्नायू वाळून काटकुळा झाला होता. नकुशी उभी राहिली की गुडघा लटपटे.

मला फेकायला निघालेल्या संपतला बाईंनी थांबवले. "फेकू नका. अर्धी करा. फडक्यात घालून पावलाला बांधा आणि पाय सरळ उचलायला लावा. रोज दहा वेळा."

हातोडीचा एकच घाव बसला आणि मी दोन झाले. एक अर्धी सुलतानबीच्या चुलीपाशी राहिली, झिजलेल्या गुडघ्यांसाठी. दुसरी नकुशीच्या पावलाला. पहिल्या दिवशी मी जागची हललेसुद्धा नाही. आठव्या दिवशी बोटभर उचलली गेले.

"अजून! अजून वर!" ओरडत होती दगडाबाई.

मित्रांनो, दुखरा गुडघा शेकण्याआधी हाताची मागची बाजू आधी एका गुडघ्याला लावा, मग दुसऱ्याला. दुखरा लाल आणि गरम लागला, अंगात ताप असला, तर वीट खाली ठेवा आणि दवाखाना गाठा.

नकुशी आता शाळेत चालत जाते. गुडघा पुरता वाकत नाही, म्हणून एक पाय पसरून बसते. तिच्या घरातल्या अर्ध्या मला त्यानंतर कोणी तापवलेले नाही. तिथे मी गारच असते.