धाब्याच्या कडेची लाकडं

सून मोठ्या घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, चढून कडेची लाकडं खाली फेकायला लागली, तेव्हा मी धाकट्या घराच्या दारात बसून जव पाखडत होते. पहिला ओंडका धप्पकन अंगणात पडला. मला वाटलं, निसटला असेल. दुसरा पडला, तिसरा पडला. मग मी सूप खाली ठेवलं.

धाब्याच्या कडेला रचलेलं लाकूड काही जाळायचं नसतं. ते असायचं असतं. खाली पॉप्लरचे ओंडके, त्यावर वाळुंजाच्या मोळ्या आणि सगळ्यांत वर काटेरी झुडपं. लेहहून येणारा माणूस लांबूनच कड बघतो आणि हे घर भरलेलं की रिकामं ते ठरवतो. माझ्या घराची कड गावात सगळ्यांत जाड होती. तीस वर्षं, दर हिवाळ्याआधी, मी तिच्यात एक ओळ वाढवत आले. कडेवरची जागा संपली तेव्हा आतल्या बाजूला वाढवली. माझी कड बघून शेजारच्या पाल्मोच्या पोटात दुखायचं, आणि त्यानं मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आणि ही पोर ते सगळं अंगणात फेकत होती.

कुन्झेस तिचं नाव. चांगथांगच्या उंच पठारावरची. बाप बकऱ्या राखतो, जन्म याकच्या केसांच्या तंबूत गेला. जिगमतनं, माझ्या मुलानं, फौजेतली त्याची चौकी तिथं होती तेव्हा हिला पाहिलं आणि घेऊनच आला. आता तो वर हिमनदीवरच्या चौकीत आहे, वसंतापर्यंत काही खाली येत नाही. मागच्या वर्षी आम्ही म्हातारा-म्हातारी रीतीप्रमाणे धाकट्या घरात आलो आणि मोठ्या घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला बांधल्या. एकदा किल्ली दिली की तोंड घालायचं नाही, हीही रीतच. पण जिनं कधी धाबं पाहिलं नाही तिच्या हातात धाबं द्यायचं, हे मला पहिल्यापासून खुपत होतं.

"अहो, बघताय का?" मी नवऱ्याला म्हटलं. नोर्फेल उन्हात बसून मणी ओढत होता.

"बघतोय."

"काहीतरी बोला की!"

"किल्ल्या कुणी दिल्या?"

"मीच दिल्या."

"मग जीभ पण द्यायची होती बरोबर," असं म्हणून त्यानं पुढचा मणी ओढला.

तोंड घालायचं नव्हतं, म्हणून मी मोठ्या घरात घातलं नाही. पाण्याच्या पाटावर घातलं. सकाळी पाणी भरायला गेले तेव्हा पाल्मो होती, देचेन होती, आणखी चार-पाच जणी होत्या. गावातल्या बायका मला अचेले म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. पाल्मोनं हंडा बुडवता बुडवता विचारलंच, "काय हो अचेले, घर विकायला काढलं की काय? कड बोडकी दिसली."

"तंबूतली आहे ती," मी म्हटलं. "तंबूला कुठली आलीय कड? उद्या भिंती गुंडाळून याकवर लादेल."

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. घरी येईपर्यंत माझाच राग आणखी वाढला होता.

पुढचे तीन दिवस मी दारातून सगळं बघितलं. ती पहाटे उठायची, तान्ह्या लेकीला पाठीशी बांधायची आणि कामाला लागायची. उतरवलेलं लाकूड तिनं उत्तरेच्या भिंतीला बाहेरून टेकवून छातीएवढं रचलं. फटींमधून सुकं शेण ठासलं. वारा तिकडूनच येतो. खिडक्यांच्या चौकटींना बाहेरून चिखल भरला, गोठ्याच्या दाराला जुनी कातडी ठोकली. धाबं झाडून काढलं. हात भरभर चालायचे आणि एक खेप फुकट जायची नाही. मनातल्या मनात मला ते दिसत होतं, पण मी कबूल करत नव्हते. बोडकी कड तेवढी डोळ्यांत सलत होती.

चौथ्या दिवशी ती घरोघर जाऊन आली. धाब्यावर नवी माती घालायची होती. वरच्या खाणीतली चिकण माती पाट्यांनी आणायची, भिजवायची, थापायची. पंधरा बायका लागतात आणि दोन दिवस जातात. एकमेकींच्या धाब्याला सगळ्या जातात, नाही कुणी म्हणत नाही. कुन्झेसला मात्र दर दारात एकच उत्तर मिळालं, "बघू." सासू नाराज आहे हे माझ्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलं होतं. माझ्या शब्दाशिवाय कोण येणार? मला हे कळत होतं, आणि सांगायला लाज वाटते, पण मला ते थोडं आवडलंही.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ती एकटीच पाटी घेऊन खाणीकडे निघाली होती. पोर पाठीला होतीच. पाटाच्या काठाला सकाळी बर्फाची पातळ पापडी धरायला लागली होती. आठ-दहा दिवसांत माती गोठणार, आणि गोठल्यावर घातलेली माती वसंतात पापुद्र्यासारखी सुटते. दिवसाला सहा पाट्यांनी धाबं कधी भरायचं? माझा रागाचा पारा चढला. हिला विचारता येत नाही? मी काय मेले होते? रीत गेली खड्ड्यात, म्हणत मी उठले आणि वर्षभरात पहिल्यांदा न बोलावता मोठ्या घरात शिरले.

स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि तिथेच थबकले. मधोमध एक जाड खांब उभा होता. नवा, साल काढलेला. हिवाळाभर आम्ही सगळे ह्याच खोलीत राहायचो. आता ती पोरीला घेऊन इथंच झोपते. खांब वर जिथं टेकला होता तिथं तुळई फाटली होती. बोट जाईल एवढी फट, चांगली हातभर लांब. तुळईवरच्या किलच्या, त्या बारीक काठ्या, खाली लोंबल्या होत्या. तुळई कुठे फाटली ते मला दोनदा बघावं लागलं नाही. वर बरोबर तिथंच माझ्या आत वाढवलेल्या ओळी होत्या.

मी चुलीपाशी बसूनच राहिले. वर ढिगाचं ओझं, त्याच्या आड साचणारा बर्फ, आणि खाली नात झोपलेली.

कुन्झेस खाणीवरून आली. मला पाहून पाटी तशीच हातात धरून उभी राहिली.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"कापणीनंतर. रात्री कडकड आवाज यायचा, आमाले."

"खांब कुणी लावला?"

"मीच. बापाच्या तंबूचा मधला खांब असाच उभा करतात. थोडा जाड घेतला."

"आणि मला नाही सांगितलंस!"

तिनं पाटी खाली ठेवली. "सांगितलं असतं तर गावाला कळलं असतं. तुमच्या कडेचं नाव आहे. तुम्ही तीस वर्षं रचलीत."

"अगं, आख्खा गाव तुला हसतोय!"

"मला हसू देत," ती म्हणाली. "मी नवीन आहे. नव्या माणसाला हसतातच."

मी हिला पाटावर तंबूतली म्हणून हसले होते, आणि ही इथं माझं नाव सांभाळत खांद्यानं छत उचलत होती. एवढी मोठी माणसं मी फार पाहिली नाहीत. माझे डोळे भरून आले, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं. चूल पेटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाटावर सगळ्या जमल्या होत्या. मी हंडा खाली ठेवला. रात्रभर मनात घोकलेलं सगळं विसरले आणि एकदमच बोलले, "माझ्या ढिगानं तुळई मोडली. हावरेपणानं मी लाकूड आत आत रचत गेले. सुनेनं ते उतरवलं नसतं तर यंदाच्या बर्फात छत तिच्या आणि नातीच्या अंगावर आलं असतं. हसायचं असेल तर मला हसा."

कुणी हसलं नाही. पाल्मोनं हंडा काठावर टेकवला. मग म्हणाली, "आत किती ओळी होत्या तुमच्या?"

"अकरा."

"माझ्या सात आहेत," असं म्हणून ती हंडा तिथंच टाकून घराकडे चालू लागली.

त्या दुपारी माझ्या अंगणात एकोणीस बायका पाट्या घेऊन आल्या. माती घट्ट धरून राहावी म्हणून कुन्झेसनं तिच्यात बकरीचे केस कातरून मिसळले होते. धाब्याच्या मातीत केस घातलेले गावात कुणी पाहिले नव्हते. देचेन पहिली पाटी घेऊन वर आली आणि सवयीनं मला म्हणाली, "कुठं ओतू, अचेले?"

तीस वर्षं ह्याचं उत्तर मीच देत आले होते. "मला काय विचारतेस?" मी म्हटलं. "घर जिचं आहे तिला विचार."

कुन्झेसनं मान वर केली नाही. "तुळईच्या वर, आधी पातळ," ती म्हणाली. "आणि आमाले, तुम्ही तो वायव्येचा कोपरा घ्या."

सासू गेल्यापासून मला कुणी काम सांगितलं नव्हतं. मी बाह्या वर सारल्या, गुडघे टेकले आणि कोपरा लिंपायला घेतला. अर्ध्या तासानं ती आली, अंगठ्यानं माझा थर दाबून बघितला आणि सरळ खरवडून काढला.

"पातळ झालाय," ती म्हणाली. "पुन्हा घाला."

मी पुन्हा घातला. मग तिसऱ्यांदा घातला. माती घालून झाल्यावर चौथ्या दिवशी पाट गोठला आणि पंधरवड्यात बर्फ आला, गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता एवढा. वसंतात तो वितळायला लागला तेव्हा मी रोज सकाळी त्या स्वयंपाकघरात जाऊन वर बघायची. एक थेंब आत आला नाही. माझ्या कोपऱ्यातूनसुद्धा.