रिकामी देवळी

गल्ली नदीने बुडवली नाही, तुम्ही बुडवलीत. ओढ्याच्या उरावर गाळे तुम्ही बांधलेत, ते आपापल्या मेव्हण्यांना तुम्ही वाटलेत, आणि आता पाणी वाट चुकलं म्हणून पाण्यालाच शिव्या घालताय. पाणी वाट चुकत नाही. त्याची वाट तुम्ही विकलीत.

एवढं योगिनीला तोंडपाठ होतं. सिंगापुरात सेंगकांगच्या घरून तुआसच्या गोदीपर्यंत रोज गाडीत बसून बसून तिने ते ऑगस्टच्या पुरापासून घोटलं होतं. ऐकवायचं कुणाला, एवढाच प्रश्न होता. तांबवेढ्याची नगरपरिषद तिकडे, ही इकडे, मध्ये सगळा समुद्र. आणि नोव्हेंबरात इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर निरोप आला: तांबवेढे नगरपरिषदेचे सदस्य पूरनियंत्रणाच्या अभ्यासदौऱ्यासाठी सिंगापूरला येत आहेत, कुणी त्या गावचं असेल तर एक दिवस फिरवाल का?

गल्लीतला गाळ अजून पुरता उपसला नव्हता. पासपोर्ट मात्र निघाले होते.

योगिनी आधी हसली. मग न्हाणीघरात जाऊन रडली. मग तिने लिहिलं, "मी फिरवते."

कारण ठराव व्हायचा होता. गावासमोर दोनच वाटा होत्या. ओढ्यावरचे गाळे पाडून ओढा मोकळा करायचा. नाहीतर गाळे तसेच ठेवून उतारगल्लीतली घरं पाडायची आणि तिथून काँक्रीटचा नवा नाला थेट नदीत काढायचा. उतारगल्लीत योगिनीची आई राहते. बालवाडीतून निवृत्त झालेली, एकटी. दोन खोल्या, एक मोरी, मागे शेवगा. आई फोनवर म्हणायची, "अजून काही ठरलं नाही गं. तू जेवलीस का?"

योगिनी गोदीत नियोजनाचं काम करते. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, खालचं पाणी पंपाने उपसायचं, जहाज कोरडं करायचं, याचं वेळापत्रक ती लावते. परक्या जहाजांखालचं पाणी उपसणारी ही बाई ऑगस्टमध्ये आईच्या स्वयंपाकघरातलं पाणी फोनवर बघत बसली होती. नवरा सुबोध तेव्हाही बोटीवर होता, आताही बोटीवरच आहे. त्या दिवशी आई कुलदेवतेचे टाक पदरात बांधून होडीतून शाळेत गेली. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, अंगठ्याएवढे. खंडोबा, अंबाबाई आणि घराण्यातला एक वीर. पाणी ओसरल्यावर आईने आधी भिंतीतली देवळी धुतली, देव परत बसवले, आणि मग चूल शोधायला लागली.

सेंगकांगचा फ्लॅट चांगला आहे. बाराव्या मजल्यावर, वारा येतो. पण तो भाड्याचा, आणि नोकरीच्या पासवर टांगलेला. पास आहे तोवर घर, पास संपला की गाशा गुंडाळा. खाली नदी आहे, तिच्या काठाने पायवाट आहे, दिवे आहेत. पण त्या नदीला वास नाही. योगिनी संध्याकाळी कठड्याला टेकून उगाचच नाक ओढायची. ओल्या मातीचा, शेवाळाचा, धुणं बडवलेल्या दगडाचा एखादा तरी भपकारा येईल म्हणून. पाऊस इथेही धो धो येतो, पण घटकाभरात गटारांनी तो असा गिळलेला असतो की पडला होता की नाही अशी शंका यावी. पाऊस येऊन गेल्याची खूणही जिथे उरत नाही, तिथे आपली काय उरणार, असं तिला वाटायचं. म्हणून ती मनात कायम परत जायची. उतारगल्ली, तिसरं घर, दाराला हिरवा रंग. तेवढं दार शाबूत आहे म्हणून इथले दिवस निघत होते.

*

शनिवारी सकाळी हॉटेलच्या दारात नगराध्यक्ष पद्माकरअण्णा पांढऱ्याशुभ्र नव्या बुटांत उभे होते. "आवं योगिनीताई! बालवाडीच्या बाईंची लेक न्हवं तुम्ही? लई मोठ्या झाला की!"

त्यांच्या मागे नीलिमा होती. उतारगल्लीच्या वॉर्डाची नगरसेविका, आणि शाळेत योगिनीच्या बाकावरची. छातीशी एक कापडी पिशवी धरून.

"योगे, आईंनी पाठवलंय तुझ्यासाठी."

योगिनीने हात पुढे केला. नीलिमाने पिशवी मागे घेतली. "इथं नाही. तुझ्या घरी येऊन द्यायचं, असं सांगितलंय त्यांनी. संध्याकाळी येते."

"मेतकूट असणार. एवढं काय!"

"येते म्हटलं ना."

योगिनी त्यांना आधी बिशानच्या बागेत घेऊन गेली. मुद्दामच. तिला जे म्हणायचं होतं ते तिथे जमिनीवरच लिहिलेलं होतं.

"हे बघा अण्णा. इथे आधी सरळसोट काँक्रीटचा नाला होता, तुम्ही आमच्या गल्लीतून काढणार म्हणताय तसलाच. या लोकांनी तो फोडला. नदीला पसरायला जागा दिली. पाऊस वाढला की पाणी या हिरवळीवर येतं, माणसं वर सरकतात, पाणी ओसरलं की मुलं परत खेळायला येतात."

अण्णांनी कमरेवर हात ठेवून नदी न्याहाळली. "म्हणजे बांधलेलं फोडलं?"

"फोडलं."

"बिल निघाल्यावर?"

मागचे सदस्य खो खो हसले. तेवढ्यात पाण्यातून पाणमांजरांचं एक कुटुंब वर आलं आणि सगळ्यांचे फोन तिकडे वळले. एका सदस्याने सेल्फीसाठी पाणमांजराला "ये ये, हिकडं ये" म्हणून बोलावलंसुद्धा.

"नदी मोकळी केली तशी ही पाणमांजरं आपणहून परत आली," योगिनी म्हणाली. "त्यांना त्यांचं घर मिळालं. अण्णा, ओढ्यावरचे गाळे काढा."

अण्णा आता हसले नाहीत. "ताई, बोलायला सोपंय. त्या गाळ्यांवर चाळीस चुली पेटत्यात. त्यांना काय हवेत बसवू?"

"आणि उतारगल्लीत काय कुत्री राहतात?"

अण्णांनी रुमालाने मान पुसली आणि आवाज मऊ केला. "चिडू नका ओ. ठराव कुठं झालाय अजून? आम्ही शिकायलाच आलोय की. तुम्ही दावलंत, आम्ही पाह्यलं. गावाकडं गेल्यावर बसू, विचार करू."

योगिनीचा जीव भांड्यात पडला. माणूस भुकेला असला की शिळ्या शब्दानेही पोट भरतं! तिने नीलिमाकडे पाहिलं. नीलिमा पाणमांजरांकडे पाहत होती. पिशवी तशीच छातीशी.

दुपारी जेवायला हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांची मंडई. तिथे ही गर्दी. नीलिमाने पिशवी खाली ठेवली नाही. शेजारच्या स्टुलावर रुमाल अंथरला आणि त्यावर ठेवली. एक चिनी आजी ट्रे घेऊन आली आणि स्टुलाकडे बोट दाखवत विचारू लागली, इथे कुणी बसलंय का?

"येस, येस," नीलिमा म्हणाली. "सिटिंग."

आजीने पिशवीकडे पाहिलं, नीलिमाकडे पाहिलं आणि पुटपुटत निघून गेली. बाकीच्यांनी कोंबडी मागवली. पंचमीलासुद्धा मटण न सोडणारी नीलिमा नुसता भात आणि उसाचा रस घेऊन बसली.

"पोट बिघडलंय का गं?" योगिनीने विचारलं.

"नाही. असंच."

बसमध्येही पिशवी मांडीवर. नंतर पाहिलेल्या धरणावरच्या प्रदर्शनातही हातात. एकदा गाईडने ती घ्यायला हात पुढे केला तर नीलिमा दोन पावलं मागे सरली. योगिनीने हे सगळं पाहिलं. पण तिच्या मनात "बसू, विचार करू" एवढंच घुमत होतं, आणि ती मनातल्या मनात हिरव्या दाराला नवा रंग देत होती.

*

संध्याकाळी बाकीचे मुस्तफाच्या मोठ्या दुकानात खरेदीला गेले आणि नीलिमा सेंगकांगला आली. दारातच म्हणाली, "हातपाय धुते आधी. पाट आहे का?"

"फ्लॅटमध्ये पाट कुठला?"

"मग स्वच्छ चौरंग, स्टूल, काहीही. आणि दिवा लाव."

मेतकुटाला दिवा? योगिनी तिच्याकडे बघतच राहिली. नीलिमाने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत तांदूळ होते. तांदळावर लाल फडकं, आणि फडक्यात ते तिघे.

योगिनीची अकरा वर्षांची लेक जाई पुढे वाकली. "सो स्मॉल वन, मम्मी! हॉर्स पण आहे!"

"आत जा, जाई."

"व्हाय ला? आय ओन्ली लुकिंग."

"जा म्हटलं ना!"

दार बंद झालं. योगिनी खाली बसली, फरशीवरच. लेकीकडे देव जात नाहीत. देव मुलाकडे जातात, सुनेच्या हातात जातात. मुलगा नसेल तर देव घरात राहतात आणि घर देवांचं होतं. आई एकुलत्या एका लेकीला शेवग्याच्या शेंगा पाठवेल, लोणचं पाठवेल. देव पाठवणार नाही. देवळीतून देव कायमचे उठतात ते एकदाच, घर मोडतं तेव्हा.

"ठराव झालाय," योगिनी म्हणाली.

नीलिमा उभीच होती. "झाला. निघायच्या आधीच्या सभेत."

"आणि तू?"

"मी हात वर केला."

"तुझ्या वॉर्डातली घरं, नीले!"

"सगळ्यांनी केला. मी एकटीने खाली ठेवून काय झालं असतं? पुढच्या वेळी तिकीट कुणाला मिळालं असतं?" नीलिमाचा आवाज फाटला. "गवंडी तुमच्या भिंतीला हात लावेनात. म्हणाले, आत देव आहेत, आम्ही पहार घालणार नाही. मग अण्णा म्हणाले, तू जा, बाईंना समजाव, देव लेकीकडे पोचवायची सोय आपणच करू. मी त्यांना हातात आणलं, योगे. दिवसभर खाली ठेवलं नाही. विमानतळावर मशीनमधे खंडोबाची तलवार दिसली म्हणून मला बाजूला घेतलं, तरी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही."

"देवांना खाली ठेवलं नाहीस," योगिनी म्हणाली. "आईला ठेवलंस."

नीलिमाने डोळे पुसले.

योगिनीने फोन लावला. आईने पहिल्या घंटीला उचलला. म्हणजे ती फोन हातात घेऊनच बसली होती.

"पोचले का गं देव? बसवलेस? ऊन येतं का तिथं?"

"आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू लांब. जिवाला घोर कशाला?" मग थोडं थांबून, "देवळी रिकामी झाली तशी मला झोप नाही बघ. भिंतीकडं पाठ करून निजते. रिकाम्या डोळ्यागत बघत राहते ती."

"आई, खरं सांग. घर सोडायचंय का तुला?"

पलीकडे गल्लीत कुणीतरी फावड्याने काहीतरी ओढत होतं, ते ऐकू आलं. त्या आवाजासरशी योगिनीच्या नाकात तो वास भरला. गाळाचा, ओल्या भिंतीचा, शेवग्याच्या फुलांचा. बाराव्या मजल्यावर. ती डोळे मिटून तो ओढत राहिली.

"मला हे कुणी विचारलंच नाही गं," आई म्हणाली. "विचारलं ते एवढंच, देव कुठं पोचवायचे."

*

रविवारी सकाळी सेंटोसा बेटावर सहलीला जायची बस हॉटेलच्या दारात उभी होती. सदस्य फुलाफुलांचे शर्ट घालून लॉबीत गोळा झाले होते. योगिनी आली ती थेट अण्णांपुढे. ऑगस्टपासून घोटलेलं ते सगळं, गाळे, मेव्हणे, विकलेली वाट, तिच्या जिभेवर होतं. पण अण्णांचा हसरा चेहरा पाहिला आणि त्यातलं काहीच बोलावंसं वाटलं नाही. तिने डबा पुढे केला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"बाईंसाठी खाऊ व्हय? देतो की, देतो."

"देव आहेत, अण्णा. उतारगल्लीतले."

अण्णांचं हसू तिथेच थिजलं. आणि त्यांनी जे केलं ते लॉबीतल्या सगळ्यांनी पाहिलं. आधी उजवा पाय, मग डावा, नवे पांढरे बूट त्यांनी जागच्या जागी काढले. कुणी सांगितलं नव्हतं. पायांनाच कळलं. मग त्यांनी डबा ठेवायला इकडेतिकडे पाहिलं. काउंटरवर कुणाच्या तरी सिगारेटची पाकिटं होती. सोफ्यावर सदस्यांच्या बॅगा होत्या. खाली फरशी होती. त्यांनी नीलिमाकडे पाहिलं. नीलिमाने हात पाठीमागे बांधले.

"ताई, ही काय रीत झाली? तुमचे देव, तुमच्यापाशी राहू देत. हितं कसं स्वच्छ, सुरक्षित. पुराची भीती न्हाई."

"इथे माझं काही नाही, अण्णा. पास संपला की मला जा म्हणतील आणि मी जाईन. कुठे जाईन? तिसरं घर, हिरवं दार. तिथे. ते दार तुम्ही नाल्यात घालणार आणि वर माझ्याच हातात देव देऊन मला मोकळं करणार?"

"अगं, पण ठराव झालाय!"

"काल नव्हता झाला. नदीकाठी उभं राहून सांगितलंत मला."

कुणीतरी मागे खाकरलं. बसचा ड्रायव्हर काचेतून डोकावून गेला. अण्णा बूट काढलेले तसेच उभे होते, मोजे घातलेले पाय थंड फरशीवर, दोन्ही हातांत डबा, आणि घाम कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

"माझ्या आईला तुम्ही विचारलंत देव कुठे पोचवायचे. मी सांगते. जिथून उचलले तिथे. तुमच्या हातांनी, त्याच देवळीत. आणि मग तिच्यासमोर बसून तिला विचारायचं, बाई, तुम्हाला हे घर सोडायचंय का? ती हो म्हणाली तर मी स्वतः येऊन भिंतीवर पहिली पहार घालीन. नाही म्हणाली, तर तुमचे गाळे निघतील. विचारणार का? हो की नाही, तेवढं सांगा. बस थांबेल, अण्णा. मी थांबलेय. बोला."